बिनचावीची जीप

बूट लपवणाऱ्या मेहुण्या तुम्हाला भेटल्या असतील, माझ्या मेहुणीनं लासूर स्टेशन गावी लग्नाच्या मंडपात थेट जीपची चावी मागितली. जीप माझ्या दोस्ताची, रफिकची. फौजेच्या लिलावात घेतलेली, लई जुनी.

“चावी द्या, नायतर ताईला पाठवत नाय.”

“अगं, हिला चावीच नाय!”

तिनं माझे खिसे तपासले, रफिकचेही. शेवटी सासरे हसायला लागले. ते फौजेत ड्रायव्हर होते.

“खरंय त्यांचं. धांदलीत चावी हरवली तर गाडी अडायची, म्हणून हिला नुसता खटका. खटका फिरवा, पायानं स्टार्टर दाबा. कुणालाबी चालवता येते.”

“कुणालाबी?” माझ्या नवरीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत ती लग्नाच्या पांढऱ्या साडीत स्टेअरिंगवर, मेहुणी शेजारी, अन् जीप मंडपाबाहेर! मी हार घालून धुरात उभा.

“मामा, परत येतील ना?”

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “येतील. पण जावईबापू, फौजेत अशा गाडीपाशी पहारेकरी ठेवायचे.”

बाजारापर्यंत चक्कर मारून दोघी आल्या.

“बसा मागं,” नवरी म्हणाली.

संभाजीनगर येईस्तोवर मी मागंच बसलो. शेजारी रफिक, स्वतःच्याच जीपमध्ये पाहुणा.