भाडेकरूशी नातं

...म्हणजे घरात माणसं कमी पडली म्हणून घर मिळेना, असं कधी ऐकलंय तुम्ही? मला ऐकावं लागलं! तुम्हाला सांगतो, घरमालकानं महिन्याची मुदत दिलेली, 'मुलाचं लग्न ठरलंय, जागा रिकामी करा', बाहेर भाडं विचारावं तर निम्मा पगार तिथेच गारद, आणि एजंट वर तोंड करून म्हणतो, "साहेब, एवढ्या पैशात खोली नाही, गॅलरी मिळेल. अर्धी." अर्धी! राहता राहिली ती सवलतीच्या भाड्याची सरकारी घरं. गेलो त्यांच्या कचेरीत. काय करणार, घर पाहिजे ना!

तिथे तीन नंबरच्या खिडकीत एक बाई. मान खाली घालूनच, "कुटुंबात किती?" म्हटलं, मी, बायको, मुलगी. तीन. "एका खोलीची घरं संपली. दोन खोल्यांना चार माणसं लागतात." अहो, पण आमची मुलगी दोघांच्या वाट्याचं बोलते! "बोलणारी नाही, राहणारी माणसं मोजतो आम्ही." आता महिन्याभरात चौथं माणूस आणू कुठून? मी बायकोकडे बघितलं, तर ती फणकारली, "माझ्याकडे काय बघताय? आईला विचारा!"

आईला म्हणजे तिच्या! एकट्या राहणाऱ्या ज्या सासूबाईंना सात वर्षं मी 'जागा लहान आहे हो, नाहीतर ठेवूनच घेतलं असतं' असं गोड बोलून परतीच्या गाडीत बसवत आलो, त्यांच्याच दारात हात जोडून उभा! "आई, चला ना आमच्याकडे राहायला." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जावईबापू, बरं वाटतंय ना? जागा लहान होती ना तुमची?" आणि मग अटी! आतली खोली त्यांची, रिमोट त्यांचा, पंखा दोनवर, माझं घोरणं बाहेर. कबूल, कबूल, सगळं कबूल! काय करणार, घर पाहिजे ना!

चौघंही खिडकीशी हजर. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली... सासूबाईंसाठी! "आजी, वय?" "अडुसष्ट." "अय्या, मग यांच्याच नावानं अर्ज भरा की! ज्येष्ठांची यादी वेगळी असते. तुमचा नंबर तीनशे बारा लागेल, आजींचा नववा." नववा!! भरला त्यांच्या नावानं. घर पाहिजे ना!

आणि अठराव्या दिवशी घर लागलं, विश्वास बसेल? दोन खोल्या, नळाला पाणी, दाराला दोन कड्या... मुलगी नाचली, बायको रडली, खरं सांगतो, मलाही भरून आलं. बाईंनी किल्ली दिली. सासूबाईंना. मग रजिस्टर पुढ्यात ओढून मला, "भाडेकरूशी नातं?" म्हटलं, जावई. "राहणार कुठे?" याच घरात. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत म्हणत त्यांनी लिहिलं, "घर... जावई." अहो, तसं नाही हो, मी त्यांना आणलंय! "तसा रकाना नाही इथे. आणि दर वर्षी आजींची सही लागेल, हा माणूस घरात ठेवायचाय म्हणून."

सासूबाईंनी सही केली हो, लगेच केली, खोटं कशाला बोलू? फक्त सहीखाली बारीक अक्षरात एक शब्द लिहिला... 'तूर्त'.

तर घर बघायला या हं सगळे... थांबा, आधी विचारून सांगतो.