रावबहादुरांचं शिमल्याचं मत

(निपाणी, १९३४ सालचा हिवाळा. दिल्लीच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीचा निकाल नुकताच बेळगावहून तारेनं आला आहे. रावबहादूर अण्णाप्पा पाटील झोपाळ्यावर. पत्नी चंपाबाई खाली तांदूळ निवडत बसल्या आहेत.)

रावबहादूर : ...ध्यानात ठेव चंपा, आज मी हरलो न्हाय. आज हिंदुस्थानातला धर्म हरला.

चंपाबाई : धर्म कुठं उभा होता? तुमीच उभा होतासा.

रावबहादूर : तुला त्यातलं काय कळतंय? तीन डाव निवडून गेलो. अकरा वर्षं दिल्लीत आपल्या रीतिरिवाजांचा पहारा केला!

चंपाबाई : आणि एक प्रश्न विचारलासा. निपाणीला रेल्वे कधी येणार म्हणून.

रावबहादूर : सरकारनं त्याला लेखी उत्तर दिलंय.

चंपाबाई : काय दिलंय?

रावबहादूर : विचार चालू हाय.

चंपाबाई : बरं झालं. आमी उगंच बैलगाडीनं फिरत बसलो.

रावबहादूर : थट्टा नको! खानापूरनं त्या खादीवाल्या वकिलाला मतं दिली, समजू शकतो. तिकडं मला कोण वळखतंय? पण निपाणी? माझ्या वखारीत तंबाखू घालणारी माणसं! गुंडाप्पा माझा माणूस म्हणून दिवसभर मतपेटीपाशी बसलाय. त्याला विचारतोय, कोण फिरलं सांग, तर खाली मान घालून म्हणतोय, 'आण्णा, माझ्या तोंडानं कसं सांगू?' एकेकाला बघून घेतो. पयला तुझा भाऊ धनपाल!

चंपाबाई : धनपालवर कशाला चिडतासा? त्यानं आपल्या बायकूचं ऐकलं, एवढंच.

रावबहादूर : आणि ती कुणाचं ऐकते?

चंपाबाई : माझं.

रावबहादूर : ...काय म्हणालीस?

चंपाबाई : गुंडाप्पा बिचारा सांगंल कसा? त्यानं मलाच बघितलंय की.

रावबहादूर : तू मत द्यायला गेलतीस? तुला कुणी मत दिलं?

चंपाबाई : तुमीच. भावकीला वाटणी द्याय नको म्हणून नदीकाठचं रान माझ्या नावावर केलासा न्हवं? रान आलं, शेतसारा आला, त्याच्या मागनं मत बी आलं. टेबलावरच्या साहेबानं विचारलं, 'बाई, नवऱ्याचं नाव?'

रावबहादूर : आणि तू गप्प बसलीस.

चंपाबाई : सांगितलं.

रावबहादूर : उखाण्यात?

चंपाबाई : उखाणा कशाला, बारसं होतं काय? 'अण्णाप्पा' म्हटलं. त्याला नीट ऐकू गेलं न्हाय, मग पुन्यांदा म्हटलं. मोठ्यानं.

रावबहादूर : चारचौघांत? गुंडाप्पासमोर?

चंपाबाई : सगळी तंबाखूपेठ रांगेत हुती. मग साहेब म्हणाला, वाचता येत न्हाय तर कुणाला मत ते तोंडानं सांगा, मी खूण करतो. म्हटलं, 'आत्ता ज्याचं नाव घेतलं, त्याला सोडून जो कोण आसंल त्याला.'

रावबहादूर : अगं, एक येळ मत दिलंस ते ऱ्हाऊ दे! पण नाव? घेतलंस तरी कसं?

चंपाबाई : पयल्यांदा जीभ अडली. दुसऱ्यांदा न्हाय अडली.

रावबहादूर : पण एका बाईच्या मतानं पेठ फिरत न्हाय. पेठ कुणी फिरवली?

चंपाबाई : पोरीच्या लुगड्यानं.

रावबहादूर : कुठलं लुगडं?

चंपाबाई : ब्राह्मीचं, लग्नातलं. शहापूरच्या तम्मण्णा विणकरानं माप ऐकून विचारलंतं, 'आक्का, हे भावलीला पायजे काय?' आठवतंय? धा वर्सांची पोर, तिच्या अंगावर नऊवारी ऱ्हाईना, म्हणून आखूड विणून घेतलं. तेच लुगडं पिशवीत घातलं आणि ज्याला ज्याला मत हाय त्याच्या बायकूकडं हळदीकुंकवाला गेले. जोत्यावर पसरायचं. कायबी बोलायचं न्हाय. त्या आपणहून विचारायच्या, 'पोर कितव्या वर्साला गेली?' मी सांगायची, चौदाव्या. बाळातपणात. संकेश्वरला, सासरी. बाप दिल्लीत.

रावबहादूर : ...मला तार उशिरा पोचली.

चंपाबाई : तुमच्या सगळ्या तारा उशिराच पोचतात. आजची तेवढी येळंवर आली.

रावबहादूर : म्हंजे सूड घेतलास.

चंपाबाई : व्हय. पोरींची लग्नं लवकर लावू नका म्हणून सरकारनं कायदा आणला. दिल्लीची सभा शिमल्याला भरली तवा तुमी त्याच्या विरुद्ध मत देऊन आलासा, आणि त्यो लागू व्हायच्या आत, परीक्षा चुकंल तशा घाईनं, माझ्या पोरीला बोहल्यावर चढवलासा. मी पाया पडले. दोन वर्सं थांबा म्हटलं. तुमी मांडवात भाषण ठोकलंसा, 'सरकारचा कायदा माझा उंबरा वलांडणार न्हाय!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर अक्षतांत झोपली हुती. तुमच्या त्या मताचा सूड घेतला मी. झालं समाधान.

रावबहादूर : मी विरुद्ध मत दिलं न्हाय.

चंपाबाई : आता खोटं कशाला? निवडणूक संपली.

रावबहादूर : न्हाय दिलं, चंपा. तिथं हात वर करायचा नसतोय. दोन दारं असतात. कायदा पायजे त्यांनी एका दारानं जायचं, नको त्यांनी दुसऱ्या. सगळं बोलणं इंग्रजीत. मी अकरा वर्षं एका मद्रासी दिवाणबहादुराच्या मागं जात आलो. मोठा धर्मनिष्ठ माणूस, लाल काठाची पगडी. त्यो जाईल ते दार आपलं.

चंपाबाई : मग?

रावबहादूर : त्या दिवशी शिमल्यात थंडी लई. त्यो तापानं अंथरुणात पडलेला. मला काय ठाऊक? पुढं लाल काठाची पगडी दिसली, गेलो मागनं. पलीकडं पोचल्यावर त्या माणसानं तोंडावरचा मफलर काढला. दुसराच निघाला.

चंपाबाई : म्हंजे कायदा...

रावबहादूर : कायदा पायजे, असं मत पडलं माझं.

चंपाबाई : आणि लगीन?

रावबहादूर : वाटलं, कुणी कुठल्या दारानं गेलं त्याची यादी बेळगावच्या वर्तमानपत्रात येणार. सगळा मुलूख हसणार. त्याच्या आधी घरातच असं काय करून दाखवावं, की यादी आली तरी लोक म्हणतील, छापणाऱ्याचीच चूक.





चंपाबाई : (तांदळातला खडा बाजूला टाकत) आली यादी?

रावबहादूर : न्हाय. त्या अंकात तंबाखूचे दर छापले होते.