निंबाखालचा देव बाई का मानूस

माहं माहेर अचलपूरकडचं. बापाचं भाजीचं वावर, वांगे, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, अन् बांधावर एक निंब, निंबाखाली शेंदराचा दगड, थे आमची मातामाय. लेकराले गोवर निंघाला का मातामायले पानी घालाचं, नवी नवरी आली का पहिले मातामायची ओटी भराची अन् मंग चुलीले हात लावाचा, एवढंच मले देवाचं ठाऊक. सुभद्रा नाव माहं, शाळा चवथीपावतर. लगीन करून इकडं तिवशाजवळ आली तं इथं फुलाचं वावर. मोगरा, शेवंती, झेंडू. दव असते तवाच तोडाचे अन् पहिल्या गाडीनं अमरावतीच्या बाजारात न्याचे. काय सांगू तुमाले ताई, पहिले पंधरा दिवस तं मी जागी हाय का झोपीत हाय हेच मले समजे नाही, मोगऱ्याचा वास डोक्यात असा भरून राहे, पाय चालत अन् मी मांगं राहून जाये.

तशातच एक दिवस बांधाकडं गेली तं निंब दिसला, निंबाखाली शेंदराचा दगड. मी म्हनलं, आली वं माय तू माह्या संगं. मले लय रडू आलं, ताई. परक्या घरात कोनी वळखीचं भेटावं तसं झालं. दुसऱ्या दिवशी कोनाले न सांगता खन, नारळ, मूठभर गहू अन् दोन हिरव्या बांगड्या घेऊन गेली अन् ओटी भरली. बांगड्या तं ओल्या शेंदरात दाबून बसवल्या, आमच्याकडं बसवते तशा.

तेवढ्यात सासू आली, डोक्यावर फुलाचं टोपलं. काय करून राहिली वं? म्या म्हनलं मातामायची ओटी भरून राहिली. तिनं टोपलं खाली ठेवलं. अवं हा मारोती होय, बाईमानसानं शिवाचं नाही त्याले, तुह्या सासऱ्यानं आत्ताच तेल-शेंदूर लावला. मारोतीची ओटी भरली म्या, गावात कोनाले समजलं तं जल्मभर हासतीन. सासूनं नारळ, गहू, खन पदरात घेतले, पन बांगड्या निंघे नाही, ओढल्या तं शेंदराचा पापुद्राच येऊन राहिला. मंग तिनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, वाटीतला उरला शेंदूर घेतला अन् सपासप बांगड्यावर लिंपून टाकला. आपल्या हातानं. आत्ताच मले म्हने शिवाचं नाही. म्हनली, भरली तं राहू दे, बुढ्याले सांगू नोको. अन् टोपलं उचलून चार पावलं गेली, मंग वळून न पाह्यता म्हनली, म्या बी भरली होती.

आता दिवस कसे गेले सांगता येत नाही. मोगऱ्याचा बहार येते अन् जाते, तसे गेले. सासरा गेला, मंग माहा मानूस तापानं गेला, पोरगं लहान. घरात मानूस उरला नाही तं देवाले आंघोळ कोन घालन? सासू म्हनली, तूच घाल आता. गावानं बी काही म्हनलं नाही, कारन रोजचं काम कोनाले पाह्यजे? तवापासून रोज सकाळी फुलं तोडले का एक लोटा पानी, अन् शनवारी तेल-शेंदूर. तीस वर्ष, ताई. पाठीवरून हात फिरवाचा, मंग पोटावरून, खाली बुडापावतर. बोलत जाये मी त्याच्या संगं. एखाद्या रोजी बाबा म्हनाव वाटे, एखाद्या रोजी माय. माह्या बापासारखं गुमान ऐके अन् माह्या मायसारखं कोनाले सांगे नाही. मले तं सारं जमून गेलं होतं.

मांगच्या चैतात गावात कमिटी झाली, मारोतीचं देऊळ बांधाचं. पाच जन. मुख्य आमच्या शेजारचा प्रल्हादभाऊ, मानूस वाईट नाही, माह्या मानसाले त्यानंच खांदा देल्ला. तो आला, च्या पेला, अन् म्हने, काकू, आता देऊळ होते, बाहेरगावचे लोकं येतीन, मारोतीले बाईमानसाचा हात बरा नाही दिसत, उद्यापासून तुमी शिवू नोका, आमी पाहून घेऊ. म्या म्हनलं बरं. दुसरं काय म्हनू? पन ताई, सकाळी फुलं तोडले अन् लोटा हातात घेतला अन् मंग ध्यानात आलं, का आता हे पानी कुठं नेऊ? तशीच उभी राहिली. माहे हात असे लटकून राहिले, दुसऱ्याचे असल्यासारखे.

तवापासून मले दुपारचा डोया लागला का सपन पडे. हार गुंफता गुंफता सुई हातात, अन् डोया लागे. मोगऱ्याच्या ओळीत कोनी बसून हाय, पाठ माह्याकडं, आंग ओलं. मी म्हनो, कोन होय? इकडं तोंड कर, पाहू दे मले. तं आवाज येये, आधी पाठ घास. आवाज कवा गेलेल्या सासूचा, कवा माह्या मानसाचा, कवा कोनाचाच नाही. मी घासत राहो, घासत राहो, अन् तोंड पाह्याचं राहूनच जाये. जाग आली का हाताले ओल वाटे.

आता मजा आयका. कमिटी पाच जनाची, प्रत्येकाले वाटलं दुसऱ्यानं घातलं असन पानी. कोनीच घातलं नाही. तेल नाही, पानी नाही, अन् आमचं वैशाखाचं ऊन तुमाले ठाऊकच हाय. शेंदूर सुकला, तडकला, अन् एक दिवस सारी खोळच्या खोळ गळून पडली. गावात बोंब झाली, देव कोपला. प्रल्हादभाऊ अमरावतीहून गुरुजीले घेऊन आला, सारं गाव निंबाखाली. आता खरा मारोती दिसन म्हनून पोट्टे झाडावर चढले.

आत काय? काळा दगड. शेपूट नाही, गदा नाही, नाक नाही, डोये नाही. गुळगुळीत. गुरुजीनं खोळीचे तुकडे हातात घेऊन पाह्यले तं एका तुकड्यात दोन हिरव्या बांगड्या. त्याच्या आतल्या थरात अजून दोन. अन् पार आत, दगडाले लागून, एक जाडी लाखेची, रंग उडाला होता. वरच्या माह्या. त्याच्या खालच्या सासूच्या. अन् थे लाखेची कोनाची? सासूच्या सासूची असन, नाही तं तिच्या बी पह्यलेची कोनी, जे नवी नवरी म्हनून इथं आली अन् माह्यासारखीच चुकली. मले तिचं नाव बी ठाऊक नाही. बाया एकमेकीकडं पाहून राहिल्या, साऱ्याइनं पदर तोंडाले लावला. प्रल्हादभाऊची म्हातारी माय तं खालीच पाहे.

प्रल्हादभाऊ म्हने, गुरुजी, मंग हा देव होय का देवी? गुरुजी भला मानूस, लबाड बोलला नाही. म्हनला, मला सांगता येत नाही. रोजची पूजा कोण करत होतं? साऱ्याइनं माह्याकडं पाह्यलं. गुरुजी म्हनला, मग तुम्हीच सांगा, माय. मी कवा पाच मानसात बोलली नाही, पन बोलली. म्या म्हनलं, गुरुजी, लेकराले आंघोळ घालनारीले पह्यल्या दिवशीच ठाऊक होते पोरगा का पोरगी. याले तीस वर्ष आंघोळ घातली म्या, साऱ्या आंगावरून हात फिरवला, पन कवा पाह्याव वाटलंच नाही. आंघोळ घालताना ध्यान पान्याकडं राह्यते, थंड तं नाही, गरम तं नाही.

सवयीनं लोटा भरून संगं आनला होता म्या, गुरुजीनं थो पाह्यला अन् बाजूले सरकला. म्या पानी टाकलं. काळा दगड पह्यल्यांदा तसाच हाताले लागला, अन् पाठीवर एक खोलगट जागा लागली, शेंदराच्या बी पह्यले कोनाचे हात फिरून फिरून झिजलेली. माहा हात बरोब्बर बसला तिच्यात.

मंग कमिटीनं सडकेवर देऊळ बांधलं, नवी मूर्ती आनली, मिशाचा मारोती, चांगला हाय, मी बी हात जोडते दुरून. निंबाखालचा माह्याकडं राहिला. म्या त्याले परत शेंदूर लावला. गावच्या नव्या नवऱ्या आता उघड येऊन ओटी भरते अन् पोट्टे पेपराच्या आधी नारळ फोडते. त्याचं काही म्हननं नाही.

आता माहे गुडघे गेले, वाकता येत नाही. औंदा पोराचं लगीन झालं, सून अकोल्याची, शिकली हाय. परवा सकाळी तिले घेऊन गेली बांधावर. तिनं इचारलं, आई, हा देव आहे की देवी? मले सासू आठवली. लोटा तिच्या हातात देल्ला अन् म्हनलं, जाय माय, पह्यले पानी कोमट करून आन, थंडीचे दिवस होय.