डॉक्टरांचे दोन शब्द

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात बसली होती. आजी नुकतीच तपासून घेऊन बाहेर आली होती. नातीने दप्तरातून शब्दकोश काढला.

“डॉक्टर म्हणाले, मानेवरची गाठ तूर्त निरुपद्रवी आहे. बघ बाई, काय अर्थ दिलाय. माझा चष्मा घरी राहिला.”

“त्यांनाच विचारायचंस ना, आजी.”

“सगळं कळल्यासारखी मान हलवून आले. आता कुठल्या तोंडाने विचारू? अगं, पहिल्या पानापासून काय चाळतेस? संध्याकाळ होईल. न कुठे येतो?”

“त, थ, द, ध, न.”

“मग मधूनच उघड. आधी नि शोध, त्यापुढे रु.”

“निरिच्छ, निरुत्तर... सापडला. ‘उपद्रव न करणारा.’”

“आणि उपद्रव म्हणजे?”

“ते इथे नाही दिलं.”

“इथे कसं असेल? उ च्या घरी जाऊन विचार.”

“उपद्रव. त्रास, पीडा, खोडी. म्हणजे तुझी गाठ खोड्या करत नाही.”

“तुझ्यापेक्षा गुणी म्हणायची.”

“आता तूर्त बघते.”

“तो राहू दे. तो येतो मला.”

“येतो असं वाटलं तरी बघायचं, तूच सांगतेस.”

नातीने पानं उलटली.

“तूर्त. सध्या, आत्तापुरते.”

“बरोबर दिलंय.”

“आजी, आत्तापुरते म्हणजे किती दिवस?”

“ते नाही त्यात सापडायचं. ठेव दप्तरात आणि चल. आत जाऊन विचारू.”