रविवारच्या सात आवाजांबाबत

नाव: एल्के नेवन. वय: २७ वर्षे. धंदा: नोकरी, दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. राहणार: ओपवेल्म, चर्चमागची गल्ली, घर क्र. १४, मामा उर्बेन थाइस यांच्याकडे. जबाबाची वेळ: बुधवार, सकाळी १०.१५.

मी कोणी न बोलावता, स्वतःहून ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी आणि मामा, वय ७१, असे दोघे राहतो. मामा शर्यतीची कबुतरे पाळतात. कुंपणापलीकडे चेरीची बाग आहे, ती वान्नेस स्टास, वय ३०, यांची. ते आमचे शेजारी आहेत. चेरी टोचणारे भोरड्या पक्षी हाकलायला त्यांच्याकडे गॅसवर चालणारी तोफ आहे. ती दर अठरा मिनिटांनी एक बार काढते. तोफ आल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, मामा त्यांच्याशी बोलत नाहीत.

गेल्या रविवारी फ्रान्समधून सोडलेल्या कबुतरांची शर्यत होती. मामांची 'निळी' दुपारी ३.०६ ला गावावर दिसली. गावात तिच्याआधी एकही कबूतर आले नव्हते. कबुतराने ढाबळीच्या फळीवर पाय टेकल्याशिवाय वेळेची नोंद होत नाही. ३.०७ ला बागेच्या बाजूने बार झाला. निळी वळली आणि चर्चच्या छपरावर जाऊन बसली. त्यानंतर आणखी सहा बार झाले. ती ३.२९ ला उतरली. चौदावी आली.

मामांनी त्याच संध्याकाळी फिर्याद दिली की स्टास यांनी मुद्दाम तोफ उडवली. सोमवारी सकाळी पोलिसांनी तोफेला सील लावले. चेरीची तोडणी शनिवारी आहे. काल मी मोजले तेव्हा कुंपणालगतच्या ओळीत दर दहा फळांमागे तीन फळे टोचलेली होती.

रविवारचे आवाज तोफेचे नव्हते. मी वेळा पाहिल्या होत्या: ३.०७ ला दोन, ३.०९, ३.१४, ३.१६ ला दोन, ३.२१. तोफ अशी वाजत नाही. शिवाय तिची गॅसची नळी १२.५० पासून काढलेली होती. शर्यतीच्या प्रत्येक रविवारी स्टास ती काढून ठेवतात. निळी बिथरू नये म्हणून. मामांना हे माहीत नाही. त्या दिवशी स्टास काठीला पांढरे कापड बांधून भोरड्या हाकलतात.

हे मला कसे माहीत, असे इन्स्पेक्टर लेन्सेन्स यांनी विचारले. मी बागेत होते. १२.५० ते ३.४०. मीही कापड हलवत होते. "सगळा वेळ?" असे विचारले. सगळा वेळ नाही.

स्टास यांनी सोमवारी पोलिसांना सांगितले की तोफ बंद होती, पण पाहणारे कोणी नव्हते. यातले दुसरे त्यांनी खोटे सांगितले. मी त्यांना त्याबद्दल फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुझं नाव मी कशाला घेऊ? तुला सांगायचं तेव्हा तू सांगशील. तोवर भोरड्या जेवतायत, जेवू देत." मी रविवारीच सांगायला हवे होते. तेव्हा आवाज कशाचे होते हे मला माहीत नव्हते, पण ते कारण पुरेसे नाही.

काल सायंकाळी ६.२० ला मी बटाटे आणायला तळघरात उतरले. मामांचा गुडघा दुखतो, म्हणून हिवाळ्यापासून तळघरात मीच जाते. पायऱ्यांवर बिअरचा वास होता. घरी केलेल्या बिअरच्या साठ बाटल्यांपैकी नऊ फुटलेल्या होत्या. दोन बाटल्या शेजारच्या बाटल्यांच्या काचांनी फुटल्या असाव्यात. म्हणजे आवाज सात. तळघराचा झरोका बागेच्या बाजूला उघडतो. घरापुढच्या अंगणात आकाशाकडे पाहत उभ्या माणसाला तो आवाज बागेतून आल्यासारखा वाटणार.

बाटल्या का फुटल्या ते असे. आंबून तयार झालेली बिअर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. आत उरलेले यीस्ट ती खाते, वायू होतो, झाकण बंद असल्याने तो बिअरमध्येच मुरतो. मग बाटल्या थंड जागी काही महिने ठेवायच्या. साखर जास्त झाली की दाब वाढतो. एप्रिलमध्ये आम्ही वीस लिटर बिअर भरली. मी १३० ग्रॅम साखर वजन करून, पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळली. बाटल्या भरल्या. मग झाकणे बसवायचे यंत्र आणायला गेले. परत यायला चाळीस मिनिटे लागली.

यंत्र स्टास यांचे होते. मामांना मी ते दुकानातून भाड्याने आणल्याचे सांगितले होते. ते खोटे होते.

काल मी मामांना तळघराचे सांगितले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पोरी, तू साखर घातली होतीस?"

"मापून. मिसळून."

"मला कुठं दिसली? आमची आई प्रत्येक बाटलीत साखरेची एक वडी टाकायची. अर्धी-अर्धी करून, मानेतून. तू गेलीस तेव्हा मी टाकल्या. तुझ्या त्या काट्यावर माझा कधीच भरवसा नव्हता."

"सांगितलं का नाहीस, मामा?"

"तू ओरडली असतीस. आणि तू चाळीस मिनिटं कुठं होतीस? दुकान तर पाच मिनिटांवर आहे."

मी पोती भिजवायला उठले.

वडीचे वजन चार ग्रॅम धरले तर एकूण साखर ठरल्याच्या जवळजवळ तिप्पट झाली. तीन आठवड्यांनी एक बाटली उघडून पाहू, असे मी म्हणाले होते. मामांनी उघडू दिली नाही. त्यांच्या घरात नोव्हेंबरआधी बाटलीला कोणी हात लावत नाही. रविवारी उष्मा होता, तळघरही तापले होते.

उरलेल्या ५१ बाटल्यांवर मी ओली पोती टाकली आहेत. त्या गार झाल्यावर जाड हातमोजे घालून, चेहऱ्यावर जाळी लावून झाकणे सैल करावी लागतील. हे काम एकट्याने करण्यासारखे नाही.

तोफेचे सील आजच काढावे, ही विनंती. स्टास यांचा यात काही दोष नाही. दोष साखरेचा आहे, आणि ती घालून गप्प राहिलेल्या दोघांचा.

वरील जबाब इन्स्पेक्टर लेन्सेन्स यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. उकाड्यामुळे दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर मामा बसले होते, मला सोडायला आले होते. वाचन संपल्यावर ते आत आले. म्हणाले, "साहेब, माझी फिर्याद फाडा. आणि हिला विचारा, तो पोरगा दर शर्यतीला नळी काढतो, हे खरं?"

मी खरे असल्याचे सांगितले.

"सहा वर्षं?"

"हो, मामा."

"आणि तू? तू कधीपासून कापड हलवतेस?"

या प्रश्नाचा फिर्यादीशी संबंध नाही, असे मी म्हणाले. इन्स्पेक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. मामांनी टेबलावरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि वरच्या ओळींवर बोट ठेवले. "हे बघ. 'ते आमचे शेजारी आहेत.' तू तर एवढी काटेकोर. एवढंच लिहायचं?" मग दाराकडे जाता जाता म्हणाले, "झाकणं सैल करायला त्याला बोलाव. जाळी माझ्याकडे एकच आहे. त्याची त्यानं आणावी."

त्यावरून एक दुरुस्ती नोंदवते. वर स्टास यांना 'शेजारी' म्हटले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. बाकी सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे.

सही: एल्के नेवन