घटाखालचा विमा

मंडळी, आधी एक सांगा! पाऊस गाठतो रस्त्यावर, मग छत्री घरातल्या खुंटीला टांगून काय उपयोग? — हसताय? हसा! आख्यान संपताना कोण हसतंय ते मी बघतो.

ऐका. बाजीरावअण्णा शेडग्यांनी नवी गाडी घेतली. नवरात्र आलं. त्यांची बायको हौसाक्का — मोठी देवभोळी बाई! घटस्थापनेच्या सकाळी तिनं गाडीतला विम्याचा कागद काढला, देवघरात पाटावर मांडला. वर पत्रावळ, पत्रावळीवर माती, मातीत धान्य, आणि मधोमध घट! म्हणाली, आता देवीच यावर बसली, गाडीला ओरखडा यायचा नाही. आणि अण्णा? त्यांनी हात जोडले! अहो, मोबाइलात एक फोटो तरी काढून ठेवायचा! नाही. किल्ली घेतली आणि निघाले.

सातवी माळ. बाजाराचं वळण — आणि अण्णांच्या गाडीची धाडकन धडक! मोटारसायकलवरचा भीमराव कुंभार रस्त्यावर! पणत्या विकायला निघालेला. पाय गुडघ्याखाली असा दुमडला... मंडळी, तिथं सांधा नसतो हो! अण्णांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. माणूस वाईट नव्हता.

दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन लगेच करावं लागेल. विम्याचा कागद दाखवा, पैसे मागाहून भरा. हवालदारांनीही तोच कागद मागितला. अण्णा म्हणाले, घरी आहे, देवापाशी! तेवढ्यात भीमरावची बायको ताराबाई धापा टाकत आली.

"मालक, कागद आहे का नाही, एवढंच सांगा. नसला तर मी म्हैस विकते."

अण्णांनी घरी फोन लावला. हौसाक्का काय म्हणाली असेल? देव बसलेत, घट उठल्याशिवाय काही हलायचं नाही! — आणि फोन ठेवला! अण्णांनी पुन्हा लावला आणि ताराबाईच्या हातात दिला. ती बाई रडली नाही, भांडली नाही.

"अक्का, माझ्याही घरी घट बसलाय. आज त्याला पाणी घालायचं सोडून मी इथं उभी आहे."

हौसाक्का देवघरात धावली. देवीची माफी मागितली आणि घट उचलला. पत्रावळ उचलली... अरे देवा! रोजचं पाणी झिरपलेलं! पत्रावळ भेदून मुळं कागदात शिरलेली! ओढायला गेली तर हातात लगदा आला. नाव गेलं, नंबर गेला, तारीख गेली. देवीपुढं विमा उगवला होता, मंडळी!

विमा खोटा नव्हता हो! दुसऱ्या दिवशी कंपनीकडून नक्कल आली. अण्णा ती घेऊन दवाखान्यात धावले. पायाचं ऑपरेशन झालेलं होतं. ताराबाई बाकावर बसली होती. म्हैस गेली होती, नुसतं दावं तिच्या मांडीवर होतं.

देवी घटात बसते, मान्य! शंभरदा मान्य! पण त्या दिवशी ती भीमरावच्या रूपात वळणावर पडली होती, आणि तिला दाखवायला अण्णांच्या हातात काही नव्हतं. तो कागद पोलिसाची कटकट चुकवायला नसतो. आपल्यामुळं पडलेल्या माणसासाठी असतो.

आता मागं बघा. मंडपाबाहेर केवढ्या गाड्या लावल्यात! कागद किंवा फोटो ज्याच्याजवळ आहे, त्यानं हात वर करा.

...कुणीच नाही?

टाळ खाली ठेवा. आज गजर नाही. ताराबाईच्या मांडीवरचं ते दावं डोळ्यांपुढं आणा, आणि घरी जाताना गाड्या हळू चालवा.