जेठासमोरची खुर्ची

पुसदच्या दवाखान्यात इंदूबाई नंबरची वाट पाहत बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पण कान आत डॉक्टरांच्या खोलीत होते.

"सुखीबाई, ब्लडप्रेशर आजही फार आहे."

"मंग लकवा होते काय, डाक्टरसाहेब?"

"मागच्या खेपेलाही अशाच जमिनीवर उकिडव्या बसला होतात?"

"जेठ उभे हायेत ना इथं, नवऱ्याचे मोठे भाऊ. जेठासमोर खुर्चीवर कशी बसू?"

"देवसिंग नायक, जरा बाहेर थांबा. सुखीबाई, खुर्चीला टेका, पाय खाली सोडा. हात टेबलावर. बोलू नका."

नायक बाहेर येऊन उभे राहिले. इंदूबाईंनीही पाय हळूच खाली सोडले. पाच मिनिटांनी आत पुन्हा पट्टा फुगवल्याचा आवाज आला.

"उतरलं की. उकिडवं बसल्यानं चढत होतं."

"मंग गोळ्या?"

"नकोत. नायक, या आत, काळजी मिटली."

"राहू द्या, साहेब. मी आलो का लगेच उठते ते. बसू द्या तिले घडीभर."